काळ्या उंदरांची भावकी

मार्च उतरणीला लागला की इथे बंगळुरातसुद्धा टँकर गल्लीत शिरतो. तो मागे येताना पीं-पीं वाजायला लागला की माझा हात आपोआप जवळच्या पिंजऱ्याच्या बाटलीकडे जातो. बाटली भरलेलीच असते. तरी मी नळीच्या टोकाला बोट लावून थेंब येतो का ते बघते. मग पुढची बाटली, आणि मग परत पहिली. इथली शिकणारी पोरं हसतात. "आंटी, तिसऱ्यांदा बघताय," म्हणतात. बघते बाबांनो. कोरडी नळी चाटणारा उंदीर ज्यानं एकदा पाहिला, त्याचं दोनदा बघून भागत नाही.

परवा एका मुलीनं नायट्रोजनच्या टाकीतून बोटाएवढी कुपी काढली. वाफा जमिनीवर सांडल्या. तिनं कुपी कोमट पाण्यात धरली, दोन मिनिटांत आतलं बर्फ विरघळलं. कुपीवर दोन इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा होता. मी सहावीत शाळा सोडली, इंग्रजी मला चित्रासारखं दिसतं. पण हे चित्र मी झोपेतही ओळखीन.

"ही पेशी किती दिवस झोपलेली?" मी विचारलं.

"चार वर्षं, आंटी."

मला हेवा वाटला. कुणाचा ते सांगता येणार नाही. आमच्या वेळी ती झोपत नव्हती. आठ दिवसांत तिला एक नवं अंग खायला लागायचं, आणि ते अंग मी द्यायची.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. भाड्याच्या इमारतींवर नव्या कचेऱ्यांच्या पाट्या चढत होत्या, त्यांचा ऑइलपेंटचा वास अख्ख्या रस्त्याला यायचा. कॉलेजच्या शिक्क्यावर अजून 'जि. उस्मानाबाद' होतं. कारकून शिक्का मारायचा, मग पेनानं उस्मानाबाद खोडून वर लातूर लिहायचा. आणि नेमकं त्याच साली आभाळानं तोंड फिरवलं. कॉलेजचे वॉचमन गफूरचाचा फाटकाशी रिकाम्या डब्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "जिल्हा आया बाई, पानी नै आया."

त्या उन्हाळ्याचा वास माझ्या नाकात आहे तो मातीचा नाही. तो इथरचा आहे, लाकडाच्या ओल्या भुशाचा आहे, आणि उंदराच्या मुताचा, जो डोळ्यांत झोंबतो. पाणी कमी पडलं की मूत घट्ट होतं. माणसाचं तसंच, उंदराचं तसंच.

मी तिथे कशी पोचले ते सांगते. माझं माहेर हदगावचं. कापूस वेचायला हात कमी पडले म्हणून बापानं शाळेतून काढलं, आणि पुढे शिरूर अनंतपाळच्या बाजूला एका खेड्यात दिलं. तिथे एक विहीर होती, तीन चुलत घरांत सामाईक. पाणी होतं तोवर बारी कुणाची, हे कुणी विचारत नव्हतं. पाणी तळाला गेलं आणि बारी मिनिटांवर आली. एका सकाळी आमचे मालक मोटार सुरू करायला गेले. चुलतभाऊ नामदेव म्हणाला, बारी माझी. मालक म्हणाले, काल तुझी झाली. नामदेव भाऊजींच्या हातात बाभळी छाटायची कुऱ्हाड होती. ती त्यांनी मालकांच्या खांद्यात घातली.

आवाज झाला तो ओलं लाकूड फुटावं तसा. मालक बसले. पडले नाहीत, नुसते खाली बसले, आणि आपला हात उचलायला बघत राहिले, जसा तो दुसऱ्याचा कुणाचा असावा. मी पदर जखमेत कोंबला. आणि मान वर केली तर नामदेव भाऊजी हौदापाशी. ओंजळीनं पाणी घेतलं, तोंड धुतलं, चूळ भरली, मिशीवरून दोन्हीकडे हात फिरवला. निवांत. ज्या पाण्यासाठी मारलं त्याच पाण्यानं.

लातूरच्या दवाखान्यात मालक दीड महिना होते. हात राहिला, पण नुसता लोंबता. पंचांनी भावकीचं भांडण म्हणून मिटवलं. त्याच वार्डात एकदा खाटेखालून घूस पळाली, बायका किंचाळल्या, मी तिला शेपटीला धरून फरशीवर आपटलं. मागून कुणीतरी म्हणालं, "भीती वाटत न्हाई का गं?"

"उंदराला काय भ्यायचं बाई, त्याला कुऱ्हाड धरता येत न्हाई."

ती बाई हसली. त्या हलगे मॅडम. उदगीरच्या व्यापाऱ्याची लेक, गळ्यात चांदीचं लिंग, मुंबईला शिकून डॉक्टरेट झालेल्या, आणि आपल्या भागात काम करायचं म्हणून लातुरात आलेल्या. दवाखान्यात सुया मागायला आल्या होत्या. त्यांना असं माणूस हवं होतं जे उंदीर धरताना थरथरत नाही. मला छप्पर हवं होतं. कॉलेजच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांची प्रयोगशाळा होती आणि मागे पत्र्याची एक खोली, ती आम्हाला मिळाली. आज माझ्या ताटात जे आहे ते त्यांच्यामुळे आहे. हे मी रोज म्हणते, आणि रोज घाबरते की म्हणायला विसरेन.

मॅडम मला अक्का म्हणायच्या. उदगीरकडचा शब्द, मोठी बहीण.

"अक्का, आपल्या अंगात पहारेकरी असतात," त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. "रक्तात फिरतात. परका घुसला की मारतात. त्यातलाच एक पहारेकरी बिघडतो. थांब म्हटलं तरी वाढतच राहतो. अंगात गाठी, पोटात पाणी, आणि मग मरण. त्याला लिम्फोमा म्हणायचं. आपल्याकडची ही पेशी एका काळ्या उंदरात बिघडली, साता समुद्रापार. तो उंदीर मरून जमाना झाला. पेशी अजून वाढून राहिली. ह्या उंदरातून त्या उंदरात. ही तिची लाइन. ती तुटू द्यायची न्हाई."

मी हे मालकांना सांगितलं. त्यांना तो शब्द म्हणता येईना. "म्हसोबा, खंडोबा ऐकला, हा लिंफोबा कुठला?" म्हणाले. "आन् दर आठ दिवसाला जीव मागतो म्हन. कडक देव हाय." मॅडमच्या कानावर गेलं तर त्या पोट धरून हसल्या. मग आम्ही सगळेच लिंफोबा म्हणायला लागलो.

पिंजऱ्यांत दोन जातीचे उंदीर होते, काळे आणि पांढरे. लिंफोबा काळ्यांत घातला की काळा मरायचा. पांढऱ्यात घातला की पाच-सहा दिवस तो तिथेही वाढायचा, मग पांढऱ्याचं अंग त्याला ओळखायचं आणि फाडून काढायचं. पांढरा जगायचा. मॅडमचं काम तेच होतं. लढून जिंकलेल्या पांढऱ्याची प्लीहा काढायची, त्यातले पहारेकरी काचेवर लिंफोबाच्या पेशींपुढे सोडायचे, आणि कोण कुणाला किती मारतं ते बघायचं. निळा रंग टाकला की मेलेल्या पेशी निळ्या व्हायच्या. जिवंत पेशी रंग आत घेत नाही. मला त्यांनी टेबलावरच्या सूक्ष्म दुर्बिणीतून दाखवलं. चकचकीत गोल थेंब, आणि त्यांच्यात निळी प्रेतं.

"मग काळ्याचे पहारेकरी कामून मारत न्हाईत?" मी विचारलं.

"कारण तो त्यांच्यातलाच हाय. परका वाटतच न्हाई." मग मला पटकन कळावं म्हणून त्या म्हणाल्या, "ही सगळी काळी एका भावकीची समज. पिढ्यान्‌पिढ्या भावाबहिणीतच जोडी लावून वाढवलेली. इतकी एक की ह्याची कातडी काढून त्याला लावली तर चिकटून बसते."

भावकी. हा शब्द त्यांनी सोपा म्हणून वापरला. मला विहीर दिसली, पण मी मान हलवली.

मारायचं कसं तेही त्यांनीच शिकवलं. जाळीवर उंदीर ठेवायचा, तो पुढे पळायला बघतो, मानेवर पेन्सिल आडवी दाबायची आणि शेपटी एका झटक्यात मागे ओढायची. आत बारीक कट् होतं. पाय दोनदा झाडतो. संपलं. पोटाच्या चामडीला छेद देऊन ती सोलायची, खालचा पडदा चकचकतो, त्यात सुई. दुधात पाणी घालावं तसं पांढुरकं काहीतरी सिरिंजमध्ये चढतं. त्यातलं थोडं मिठाच्या पाण्यात, आणि ते नव्या उंदराच्या पोटात. महिन्याभरात माझा हात मॅडमपेक्षा हलका झाला. त्या म्हणायच्या, "अक्का, तुझ्या हातानं उंदराला कळत न्हाई." मला याचा अभिमान वाटायचा. मालक म्हणायचे, "माझ्या बायकोला उंदीर मारायला ठेवलंय, आन् घरातले मला एका हातानं मारावे लागतात."

लाइनीच्या दोन-तीन कुप्या मॅडमनी जनावरांच्या दवाखान्यात ठेवल्या होत्या. तिथे नायट्रोजनचा डबा असायचा, त्यात वळूचं बीज गोठवून ठेवायचे. ओळखीनं आमच्या कुप्याही त्याच डब्यात. त्या उन्हाळ्यात नायट्रोजनची गाडी दोन खेपा आली नाही आणि डबा आटला. विहिरी आटलेल्या आम्ही पाहिल्या होत्या, पण वाफेचा डबाही आटतो हे नवीन होतं. वळूंचं बीज गेलं, आमच्या कुप्या गेल्या. आता लिंफोबा फक्त उंदरांच्या पोटात उरला होता. तो गेला की मॅडमचं दोन वर्षांचं काम गेलं, खोल्या कॉलेजनं परत घेतल्या असत्या, आणि पत्र्याच्या खोलीसकट आम्ही दोघं रस्त्यावर. किंवा त्याहून वाईट, परत त्या विहिरीवर.

काळे उंदीर कमी पडायला लागले होते. पाण्यावाचून माद्यांचं दूध आटलं, त्यांनी आपलीच पिल्लं खाल्ली. सकाळी भुशात नुसती गुलाबी मुंडकी सापडायची. पुढे माद्याही गेल्या. नांदेडला मॅडमच्या एका ओळखीच्या सरांकडे काळ्यांची पैदास होती. शुक्रवारी सकाळी त्या तिकडे निघाल्या.

"लिंफोबानं भरलेला एकच उंदीर उरलाय," जाताना म्हणाल्या. "उद्या सकाळी त्याच्यातून काढ आणि पाच नव्यांत घाल. दोन पिंजऱ्यांत पाच-पाच नर हायेत, त्यातले चांगले बघून घे. रविवारी मी येतेच. लाइन तुझ्या हातात, अक्का."

त्या दिवशी नळ आला नाही. टँकर आला, फाटकापाशी घागरींची झटापट झाली, एका बाईच्या कानातलं तुटून कानाची पाळी फाटली. मालकांनी एका हातानं कशीबशी अर्धी कळशी आणली. मी ती भांडं-भांडं वाटली. पांढऱ्यांना, आम्हाला, भरलेल्या उंदराला. शेवटी काळ्या नरांसाठी एकच बाटली भरेल एवढं उरलं. पिंजरे दोन.

आमच्याकडे असं झालं की काय करतात? दोन घरं एका घागरीवर येतात. मला मॅडमचं बोलणं आठवलं: एका भावकीचे, कातडी कातडीला चिकटते. मी विचार केला, मग एका नळीवर पितील की. संध्याकाळी पाच वाजता मी दुसऱ्या पिंजऱ्यातले पाच नर शेपटीला धरून पहिल्यात सोडले. त्यांनी एकमेकांना हुंगलं. मी दार लावलं आणि भाकऱ्या थापायला गेले.

सकाळी खोली उघडली तेव्हा आधी वास आला. गोड, लोखंडासारखा. पिंजऱ्याच्या काचेला आतून रक्ताचे बारीक फवारे होते, कुणी दात घासून थुंकावं तसे. भुसा काळा-लाल झाला होता. सहा मेलेले. एकाच्या ढुंगणाचं मांस हाडापर्यंत कुरतडलेलं, एकाची शेपटी मुळापासून नाही. वृषणं तर कुणाचीच धड नव्हती, चावा तिथेच घेतला होता. तीन जिवंत होते, कोपऱ्यात एकावर एक चढून, पाठी फाटलेल्या, कातडी सुटलेल्या. एक माझ्याकडे बघत होता, आणि बघता बघता त्याचा श्वास थांबला.

आणि दहावा. मोठा, गुबगुबीत, अंगावर एक ओरखडा नाही. तो बाटलीपाशी बसला होता. तो पाणी प्यायला. मागच्या दोन पायांवर उभा राहिला. पुढचे पाय तोंडाला लावले, थुंकीनं ओले केले, आणि मिशांवरून दोन्हीकडे फिरवले. निवांत.

मी पिंजऱ्यात हात घातला कधी, हे मला आठवत नाही. आठवतो तो टेबलाचा कोपरा. मी त्याला शेपटीला धरलं आणि त्या कोपऱ्यावर आपटलं. पहिल्याच फटक्यात तो मेला असणार. मी थांबले नाही. चार, पाच, सहा. तोंडानं काहीतरी ओरडत होते, नामदेवाचं नाव घेत होते. डोक्याचा चेंदा झाला. हातात शेपटीचं सालपट राहिलं तेव्हा मी थांबले.

गफूरचाचा दारात होते. त्यांनी टेबल पाहिलं, मला पाहिलं. "मर गया बाई," हळू म्हणाले, "कितनी बार मारोगी?"

तेव्हा मला कळलं मी काय केलं. लाइन घ्यायला एकच निरोगी काळा उरला होता, आणि तो मी मारला होता. कोपऱ्यातले दोन संध्याकाळ बघणार नव्हते. भरलेला उंदीर पिंपासारखा फुगून बाजूच्या पिंजऱ्यात पडला होता, श्वास तुटक झालेला. दुपारपर्यंत तो जाणार होता, आणि त्याच्यासोबत सगळं.

चाचांनी प्राचार्यांच्या ऑफिसातून नांदेडला ट्रंक कॉल लावला. "लाइन नै लगती," म्हणत परत आले. त्या अवस्थेतही मला हसू आलं, वेड्यासारखं. रडू त्याच्या मागोमाग.

मग मी हात धुतले. पाणी नव्हतं, स्पिरिटनं धुतले. भरलेला उंदीर जाळीवर ठेवला, पेन्सिल दाबली. माझा हलका हात त्या दिवशी हलका नव्हता, दोनदा ओढावं लागलं. पोटातलं दूध काढलं. आणि ते मी पांढऱ्यांत घातलं. पाच पांढऱ्यांत. परक्याच्या घरात. पाच-सहा दिवस राहू देतात म्हटलं होतं मॅडमनी. त्या रविवारी येणार होत्या. एवढंच माझं गणित. बरोबर की चूक, विचारायला कुणी नव्हतं. मेलेले सगळे मी फ्रिजच्या बर्फाच्या खणात ठेवले, कारण मॅडमनी बघितल्याशिवाय एकही मेलेला उंदीर टाकायचा नाही हा नियम होता. टाकून द्यावा असं मनात आलं, तो एक तरी. पण नाही टाकला.

रविवारी मॅडम आल्या नाहीत. सोमवारी नाही. चाकूरला बायका घागरी घेऊन रस्त्यावर बसल्या होत्या, बस तिकडून इकडे येत नव्हती. दगडफेक झाली, लाठी चालली, अशा बातम्या फाटकाशी यायच्या. मी रोज पांढऱ्यांची पोटं चाचपायची. तिसऱ्या दिवशी पोटं फुगली. चौथ्या दिवशीही फुगलेली. पाचव्या दिवशी, बुधवारी सकाळी, दोघांची पोटं उतरायला लागली होती. डोळे टवटवीत. ते बरे होत होते. त्यांच्या अंगानं परका ओळखला होता. मी त्या बऱ्या होणाऱ्या जिवांना घाण घाण शिव्या दिल्या. "मरा की रे," म्हणत होते मी, "दोन दिवस मरा."

मालक दारात बसून ऐकत होते. म्हणाले, "लिंफोबा लई झाला आता. तू मानसातून चाललीस."

बुधवारी दुपारी मॅडम आल्या. चालत. चाकूरच्या अलीकडे बस सोडून, डोक्यावर वेताची टोपली घेऊन, भर उन्हात रस्त्यावर बसलेल्या बायकांमधून. नंतर त्यांनी सांगितलं, एकीनं टोपली अडवली. "काय हाय? कोंबड्या?" "उंदीर हायेत." बायका खिदळल्या. "जाऊ द्या गं, आपल्याकडं घागरी तरी हायेत, बिचारीकडं नुसते उंदीरच हायेत." एका म्हातारीनं आपल्या लोट्यातलं ओंजळभर पाणी टोपलीच्या फडक्यावर शिंपडलं. त्या फडक्यामुळे आठपैकी सहा जिवंत पोचले. पलीकडे लातूरला जाणारा एक ट्रक मिळाला, त्यानं नाक्यापर्यंत आणलं.

मी दारातच सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, नर एकत्र केले, ते भांडले, मेले, मी पांढऱ्यांत घातलं. मॅडमनी टोपली खाली ठेवली नाही तोच सिरिंज मागितली. एका पांढऱ्यातून थेंब काढला, निळा रंग टाकला, दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ. मग मला बघायला लावलं. सगळीकडे निळी प्रेतं. त्यांच्यात कुठे कुठे एखादा चकचकीत गोल थेंब.

"हायेत," त्या म्हणाल्या. "थोड्या हायेत. पण ह्यांना आता काळ्यात धरायला लागेल. धरतील का, शिवालाच ठाऊक."

सहा काळ्यांत आम्ही ते घातलं. मग त्यांनी फ्रिज उघडला. एकेक कडक झालेला उंदीर हातात घेऊन फिरवून बघितला. "हा चावून. हा चावून. ह्याची नस तुटली." दहाव्यापाशी थांबल्या.

"अक्का, उंदीर उंदराची कवटी फोडत न्हाई."

मी फ्रिजचं दार लावलं.

"कुणी फोडली?"

"मी."

"कामून?"

"त्यानं तोंड धुतलं, मॅडम."

त्यांना काहीच कळलं नाही. मग मी हौद सांगितला, कुऱ्हाड सांगितली, मिशीवरून फिरवलेला हात सांगितला. पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. त्या ऐकत राहिल्या, तो चेंदलेला उंदीर हातात धरून. मला वाटलं जवळ घेतील. त्यांनी घेतलं नाही.

"सगळ्या नरांना एकत्र घातलंस ही चूक," त्या म्हणाल्या. "ती माझीबी हाय, मी भावकी म्हटलं. कातडी एक असली म्हणून काय झालं, एकत्र वाढले नव्हते ते. पण हा?" उंदीर माझ्यासमोर धरला. "तुला मी मारायला ठेवलंय. रागानं मारायला न्हाई ठेवलं. ज्या दिवशी राग असेल त्या दिवशी पिंजऱ्याला हात लावायचा न्हाई. बाहेर जाऊन बसायचं. मला सांगायचं, आज न्हाई होणार. मी काय म्हणून विचारणार न्हाई. आणि लाइन धरली न्हाई तर अक्का, मीच इथं राहत न्हाई. तू कुठं राहशील ते मला ठाऊक न्हाई."

इथे बंगळुरात, पुढे मॅडमनीच मला बोलावून घेतलं त्या जागी, मी आजही कधी कधी बाहेरच्या बाकावर जाऊन बसते. पोरं विचारतात, आंटी, काय झालं? आज नाही होणार, म्हणते. त्यापुढे कुणी काय म्हणून विचारत नाही. एवढी एक शिस्त मी कमावली, आणि तिच्यासाठी दहा उंदीर लागले.

पुढचे आठ दिवस कसे गेले ते माझ्या नखांना माहीत आहे. ती मी मुळापर्यंत खाल्ली. मालकांचा एक गाववाला येऊन सांगून गेला, विहीर पार आटली. तळाला नुसती फुटकी बादली आणि दगड दिसून राहिलेत. आता बारीच नाही. मालक लोंबत्या हाताकडे बघून हसले. "बरं झालं," म्हणाले, "आता नामदेवालाबी न्हाई." ते हसणं मला कुऱ्हाडीपेक्षा लागलं. मी म्हटलं, हसू नका. ते म्हणाले, "मग काय करू, एका हातानं?"

मी काळ्यांची पोटं बघायची. पहिले चार दिवस काही नाही. ते खात होते, पीत होते, एकमेकांच्या अंगावर झोपत होते, आणि त्यांचं ते धडधाकट असणं मला बघवत नव्हतं. देवाजवळ एका मुक्या जिवाला रोग मागायचा, हे पाप मी केलं. उघड केलं, हात जोडून केलं. सातव्या दिवशी एकाचं पोट बोटाखाली जरा ताणलेलं वाटलं. वाटलंच असेल म्हणून मी मॅडमना सांगितलं नाही. आठव्या दिवशी सहांपैकी दोघांची पोटं गोल झाली. नवव्या दिवशी ती पडघमासारखी झाली, केस उभे राहिले, ते कोपऱ्यात जाऊन बसले. मी मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि त्या उठल्या.

एका उंदराच्या पोटाला आम्ही दोघी हात लावून उभ्या होतो. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. तो उंदीर मरत होता आणि आमच्या घरी पोर झाल्यासारखं झालं होतं.

"काढ," मॅडम म्हणाल्या. "आज तू काढ."

त्या शेजारच्या खोलीत सिरिंजा उकळायला गेल्या. मी एकटी उरले. तो काळा माझ्या तळहातावर होता, जड, गरम. त्याच्या बरगड्यांखालचं धडधडणं अंगठ्याला लागत होतं. मी स्वतःला चाचपून बघितलं, जशी पोटं चाचपायची तशी. नामदेव आहे का कुठे? हौद आहे का? सापडलं नाही. मी त्या उंदराची माफी मागितली नाही. मागितली असती तर ती माझ्यासाठी झाली असती, त्याला तिचा काय उपयोग. जाळीवर ठेवला. त्यानं पुढे पळायला बघितलं. पेन्सिल दाबली आणि एकदाच ओढलं.

कट्.

पाय दोनदा झाडले. चामडी सोलली, सुई घातली. दूध चढलं, भरपूर, घट्ट.

"जमलं का गं?" मॅडमनी पलीकडून विचारलं.

"हाव," मी म्हटलं, आणि दूध घालायला दुसऱ्या उंदरासाठी हात पुढे केला.